कमलाबाई आणि वालाची उसळ

संध्याकाळी सात-साडेसातला ताथवड्यात हायवेच्या सर्व्हिस रोडला उभं राहून बघा. कॉलेज सुटलंय, मेस उघडायला अजून तासभर आहे आणि आपण सगळे टपरीवर. वडापाव, मॅगी, क्रीमरोल, चहा, मग परत चहा. मी नावं ठेवत नाही, माझीही चार वर्षं अशीच गेली. साडेआठला मेसमध्ये जायचं. चार पोळ्या, बटाट्याची भाजी, भाताचा डोंगर आणि त्यावर वरण. वरण म्हणजे काय, तर पिवळं पाणी, त्यात डाळ शोधायची. आमच्या मेसच्या काकांना एकाने विचारलंही होतं, डाळ महाग झाली का म्हणून. काकांनी पळी पातेल्याच्या तळापर्यंत नेऊन ढवळून दाखवली. वर काही आलं नाही.

त्या पातेल्यात नेमकं काय नव्हतं, हे मला नीट कळलं ते बऱ्याच वर्षांनी, डॉ. कमला सोहोनींबद्दल वाचताना. हे नाव तुम्ही पाहिलेलं असण्याची शक्यता आहे. १८ जून २०२३ ला गुगल उघडलं असेल, तर शोधखिडकीच्या वर त्यांचं चित्र होतं. ती त्यांची ११२ वी जयंती. पण गुगलवर आपण शोधायला जातो दुसरंच काहीतरी, त्यामुळे चित्र बघून पुढे गेला असाल तर तुमचा दोष नाही.

आता म्हणाल, मेसच्या वरणाचा आणि या बाईंचा काय संबंध? थोडं थांबा. आधी एक सांगा, गेल्या वर्षभरात घरून असा फोन आलाय का? बाबांच्या कंपनीत मेडिकल चेकअप झालं, रिपोर्टमध्ये एचबीएवनसी ६.१ आलं, डॉक्टर म्हणाले बॉर्डरवर आहे, काळजी घ्या. बाबा चाकणला शिफ्टमध्ये, कधी पहिली, कधी तिसरी. आईने मग घरातली साखर कमी केली, चहा बिनसाखरेचा केला आणि भात, पोळी, बटाटा तसंच ठेवलं. हे घर तुमचं नसेल तर तुमच्या रूममेटचं असेल. एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे मधुमेह. उंबरठ्यावरून मागे फिरता येतं, ही त्यातली चांगली बातमी. मागे कसं फिरायचं याचा एक मोठा भाग स्वयंपाकघरात आहे आणि तिथेच कमलाबाई आपल्याला भेटतात.

त्यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. माहेरचं आडनाव भागवत. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या आयआयएस्सीत शिकलेले. मोठी बहीण दुर्गा, तीच ‘ऋतुचक्र’ लिहिणारी दुर्गा भागवत. एकाच घरातून एक मुलगी झाडापानांकडे आणि लोकसंस्कृतीकडे वळली, दुसरी रसायनांकडे, आणि वाकणं दोघींनाही जमत नव्हतं.

१९३३ मध्ये कमलाने मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी केली आणि बंगळूरला अर्ज टाकला. वडील-काका जिथे शिकले तिथेच जायचं, यात तिला काही विशेष वाटलं नव्हतं. अर्ज नाकारला गेला. कारण गुणांचं नव्हतं, ती मुलगी होती. संस्थेच्या संचालकपदी तेव्हा होते सर सी. व्ही. रामन, १९३० सालचं नोबेल मिळवलेले. वडील-काकांनी रदबदली करून पाहिली, उपयोग झाला नाही. मग बावीस वर्षांची ही मुलगी स्वतः बंगळूरला गेली आणि रामन यांच्या ऑफिसबाहेर तिने सत्याग्रह केला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष परीक्षेचं; संचालकांचं समाधान होईपर्यंत कामाला मान्यता नाही; आणि तिच्या असण्याने तिथलं वातावरण बिघडता कामा नये. ही तिसरी अट पुन्हा वाचा. तुमच्या वर्गातल्या मुलींना वाचून दाखवा.

तिने अटी मान्य केल्या. वर्षभर राबली. वर्षाअखेरीला रामन यांचं मत बदललं, तिला रीतसर संशोधन करू दिलं गेलं आणि त्यानंतर संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं. पण कमलाबाई हे विसरल्या नाहीत. पुढे साठ वर्षांनी, सगळे मानसन्मान मिळून गेल्यावरही, रामन शास्त्रज्ञ म्हणून मोठे पण या बाबतीत संकुचित होते, असं त्या जाहीरपणे सांगत. मला हे आवडतं. मोठ्या माणसाबद्दल खरं बोलायला उतारवयाची सबब पुढे करून टाळाटाळ केली नाही त्यांनी.

बंगळूरला तिला शिक्षक मिळाले श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक. त्यांच्या हाताखाली तिने काम केलं ते दूध, डाळी आणि कडधान्यं यांमधल्या प्रथिनांवर. १९३६ मध्ये एम.एस्सी. झाली. इथे जरा थांबूया, कारण विषयाची निवड बघण्यासारखी आहे. जगभरातल्या प्रयोगशाळांत तेव्हा जीवनसत्त्वं, संप्रेरकं असे नवे चकचकीत विषय निघत होते. आणि ही मुलगी बसली होती डाळी घेऊन. पण मांस-मासळी ज्यांच्या ताटात क्वचित येते किंवा येतच नाही, त्या कोट्यवधी माणसांना प्रथिनं मिळणार ती दूध आणि डाळीतूनच. दूध परवडेल न परवडेल. उरली डाळ.

त्यानंतरचं केंब्रिज मी भराभर सांगतो, कारण ते सगळीकडे लिहिलेलं सापडेल. १९३७ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ती तिथे गेली, फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत. जीवनसत्त्वांच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळवलेले हेच ते हॉपकिन्स. बटाट्यावर काम करताना तिला वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ सापडलं. पेशी श्वसन करते, म्हणजे अन्नातून ऊर्जा मोकळी करते, त्या साखळीतला हा एक दुवा. पीएच.डी. चौदा महिन्यांत झाली. प्रबंधाची पानं चाळीस. तुमच्या फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टची पानं आठवा, आणि त्यातली किती आभार, अनुक्रमणिका आणि गुगलवरून घेतलेल्या प्रस्तावनेची होती तेही. विज्ञानातली पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक म्हणून कमलाबाईंचं नाव घेतलं जातं ते या चाळीस पानांमुळे.

१९३९ मध्ये त्या भारतात परतल्या. आधी दिल्लीचं लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, मग दक्षिणेत निलगिरीच्या डोंगरातली कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा. कुन्नूरचं नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे. १९४७ मध्ये विमागणिताचे जाणकार असलेल्या सोहोनींशी लग्न झालं आणि कमला भागवतची कमला सोहोनी होऊन त्या मुंबईला आल्या. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा विभाग नवा निघत होता, तिथे त्या प्राध्यापक झाल्या.

आणि इथे येतात वाल.

वालाची उसळ तुमच्या घरी होत असेल तर आईची पद्धत आठवा. वाल आदल्या दिवशी भिजत घालायचे. मग उपसून फडक्यात बांधायचे. मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा, त्याच्या डाळिंब्या होतात. मग फोडणीत टाकून झाकण ठेवून मऊ शिजवायच्या. दीड-दोन दिवसांचा खटाटोप, एका उसळीसाठी. का? विचारलंत तर उत्तर मिळेल की असंच करतात, नाहीतर बाधतात.

कमलाबाईंच्या प्रयोगशाळेने हे ‘बाधणं’ बाटलीत पकडलं. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं एक पाचक द्रव्य असतं, ते प्रथिनांचे तुकडे करतं. कच्च्या वालात असा एक पदार्थ असतो जो या ट्रिप्सिनलाच जाऊन चिकटतो आणि त्याचं काम बंद पाडतो. म्हणजे प्रथिनं पोटात गेली तरी पुरती पचत नाहीत. कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्याने हा पदार्थ वालातून आणि डबल बीमधून वेगळा काढला, इतका शुद्ध की त्याचे स्फटिक झाले. १९५५ मध्ये ‘नेचर’ या जगातल्या अव्वल विज्ञानपत्रिकेत तो निबंध छापून आला. आपले वाल, ‘नेचर’मध्ये! पुढे वालातल्या आणखी एका उपद्रवी घटकावर त्यांच्या विद्यार्थिनीबरोबर काम झालं, तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या करणाऱ्या प्रथिनावर. या दोन्ही प्रकारच्या घटकांवर एक उपाय चालतो : ओली, पुरेशी उष्णता. भिजवून नीट शिजवलं की त्यांचा जोर जातो. मोड आल्याने पचायलाही हलकं होतं. राजमा अर्धाकच्चा राहिला आणि अख्खं हॉस्टेल रात्रभर संडासाच्या रांगेत उभं राहिलं, असा प्रसंग ज्यांनी पाहिलाय त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

म्हणजे आज्जीचं बरोबर होतं. पण आज्जीला कारण माहीत नव्हतं, आणि कारण माहीत नसलं की घाईच्या दिवसांत पद्धत सुटते. मग उसळच सुटते. मग बटाटा येतो.

कमलाबाईंचं दुसरं मोठं काम नीरेवरचं. ते त्यांनी हाती घेतलं राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून. ताडा-माडाचा, शिंदीचा पहाटे उतरवलेला ताजा रस म्हणजे नीरा; ऊन चढलं की आंबते आणि ताडी होते. या रसात आणि त्याच्या गुळात जीवनसत्त्वं आणि लोह आहे असं त्यांच्या गटाला आढळलं. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायांच्या आहारात तो दिल्यावर तब्येती सुधारल्या. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आता माझं एक मत. हायवेलगतच्या नीरा केंद्रावर गाडी थांबवून, हेल्दी आहे म्हणत दोन ग्लास पिणाऱ्यांनी कमलाबाईंचं नाव पुढे करू नये. ग्लासभर नीरेत साधारण चार-पाच चमचे साखर असते. जिच्या पोटात दिवसभरात पुरेसं अन्नच जात नव्हतं त्या गरोदर बाईला ती साखर आणि लोह दोन्ही हवं होतं. दिवसभर खुर्चीत बसून बॉर्डरवर पोचलेल्या बाबांना ती नकोय. रस तोच, माणूस वेगळा. पोषणाचं शास्त्र शिकताना आपण नेमकं हेच गाळतो, कोणाच्या ताटात हा प्रश्न. कमलाबाईंनी तो कधी गाळला नाही.

इन्स्टिट्यूटच्या संचालकपदावर त्यांचा हक्क होता, पण अंतर्गत राजकारणात ते पद चार वर्षं लांबलं. शेवटी मिळालं. एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेची पहिली स्त्री संचालक म्हणून केंब्रिजहून त्यांच्या जुन्या मार्गदर्शकाने कौतुक केलं. बंगळूरच्या दारात उभी राहिलेली मुलगी मुंबईत संचालकाच्या खुर्चीत बसली, पण दोन्हीकडे वाट बघायला लावलं ते लावलंच.

निवृत्तीनंतर माणसं नातवंडांत रमतात. कमलाबाई ग्राहक चळवळीत रमल्या. मुंबईत १९६६ मध्ये काही गृहिणींनी मिळून ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ काढली होती, तिच्यात त्या उतरल्या. १९८२-८३ मध्ये अध्यक्ष होत्या. सोसायटीच्या ‘कीमत’ नावाच्या नियतकालिकात त्या ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत. मराठीत त्यांनी आहारावर ‘आहार-गाथा’ हे पुस्तक लिहिलं. केंब्रिजची पीएच.डी. झालेली बाई किराणा आणणाऱ्या माणसासाठी लिहीत होती, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १९९८ मध्ये आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि २८ जूनला गेल्या. तुमच्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

आता परत ताथवड्याला येऊ, बाबांच्या रिपोर्टकडे.

कमलाबाईंच्या उमेदीच्या काळात प्रश्न होता कमी खाण्याचा. आज आपल्याकडे साखरेचा प्रश्न आहे. आयसीएमआरच्याच पाहणीने २०२३ मध्ये आकडा दिला : देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह, आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. वरवर पाहता हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. पण पुण्यातच झालेलं काम काही वेगळं सांगतं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. पण हडकुळी दिसणाऱ्या आपल्या बाळांत स्नायू खूप कमी होते, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बारीक तरीही चरबीदार. अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका जास्त. आईच्या आहारात पालेभाज्या, फळं, दूध होतं तिथे बाळाची वाढ बरी होती. म्हणजे आज्जीच्या पिढीने जे कमी खाल्लं त्याची आणि आपण जे जास्त खातो त्याची गाठ एकाच शरीरात पडते. बाबा तर अजिबात जाड नाहीत, मग त्यांना कसं काय, या प्रश्नाचं एक उत्तर इथे आहे. आणि तुम्ही स्वतः बारीक आहात म्हणून निवांत असाल, तर ते उत्तर तुम्हालाही लागू आहे.

कुन्नूर आठवतंय? ती प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलली, आज तिचं नाव राष्ट्रीय पोषण संस्था. २०२४ मध्ये तिने भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाच्या ऊर्जेपैकी धान्यांतून, म्हणजे भात, पोळी, भाकरी यांतून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नये, असं ती सांगते. प्रत्यक्षात आपल्याकडे ५० ते ७० टक्के येते. आणि डाळी, मांस, मासे मिळून जेमतेम ६ ते ९ टक्के. आमच्या मेसच्या पातेल्याचं इतकं अचूक वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

साखरेसाठी डाळ-कडधान्यं का कामाची? त्यातलं पिठूळ द्रव्य तंतूंमध्ये आणि प्रथिनांमध्ये गुंतलेलं असतं, त्यामुळे सावकाश पचतं आणि रक्तातली साखर हळूहळू चढते. हे मोजायचा एक निर्देशांक आहे. शुद्ध ग्लुकोज १०० धरलं तर पांढरा भात ७० च्या आसपास, हरभरा ३० च्या. तांदळाच्या जातीप्रमाणे, शिजवण्याप्रमाणे आकडा हलतो, पण अंतर मोठंच राहतं. दुसरं, १०० ग्रॅम कोरड्या डाळीत २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम लागतात. एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ पकडली तर सात ग्रॅम. मेसच्या वरणाचा हिशेब तुम्हीच करा.

म्हणजे घरी फोन केलात की फक्त साखर बंद करा असं सांगून भागणार नाही. भाताची मूद निम्मी करा, उसळीची वाटी दुप्पट करा, भाजी बटाट्याची नको, पालेभाजी, फळभाजी काहीतरी करा, असं सांगायचं. बाबांना साखरेची गोळी सुरू असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, परस्पर बदल नाही. आणि हे बाबांचं वेगळं पथ्य म्हणून करू नका. एका घरात दोन स्वयंपाक फार तर पंधरा दिवस चालतात, मग आई थकते आणि बाबा गुपचूप फरसाणाचा डबा उघडतात. सगळ्यांचं ताट एकच ठेवा. तुमचं रक्त त्यांचंच आहे, तुमची तपासणीही पुढेमागे होणार आहे.

मिसळप्रेमींसाठी एक सूचना. मिसळीत खाली जी मटकी असते ना, ती कमलाबाईंची. वरची तर्री, फरसाण आणि चौथा पाव, हे तुमचं तुम्ही बघून घ्या.

रूमवर इंडक्शन आणि छोटा कुकर असेल तर मटकीपासून सुरुवात करा, सगळ्यात कमी कटकटीची आहे. सकाळी कॉलेजला जाताना भिजत घाला. रात्री पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत अजून थोडा वेळ लागतो. कांदा, तिखट, मीठ, दोन शिट्ट्या. टपरीवर जायला तरीही वेळ उरतो. वाल मात्र रूमवर करू नका, सोलता सोलता जीव जाईल. ते सुट्टीत घरी गेल्यावर. परात मध्ये ठेवायची, सगळ्यांनी भोवती बसायचं आणि बाबांनाही बसवायचं, पहिल्या शिफ्टवरून आलेले असले तरी.